मैदानाची पत्रपेटी : वाय, जोर आणि लंगडी

या खेपेला आलेल्या पत्रांतली पाच निवडली. पाचही नाशिक आणि आसपासची, आणि पाचही एकाच गोष्टीभोवती फिरणारी : मुलांचा तोल आणि मुलांचे खांदे. निवड-चाचण्यांचे दिवस आहेत. हल्ली शिबिरांत धावणं, उडी यांच्या जोडीला ‘बॅलन्स टेस्ट’ आणि ‘शोल्डर टेस्ट’ही घेतात, आणि आकडे लिहिलेला एक कागद मुलाच्या हातात देतात. आकडा कशाचा, हे सांगायला मात्र कुणाला वेळ नसतो. गंगापूर रोडच्या माझ्या दवाखान्यात असा चार घड्या घातलेला कागद आठवड्यातून एकदा तरी येतोच, आणि घडी उलगडणारे हात बहुतेक वेळा आईचे असतात.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. चार वर्षांपासून पोहते, सकाळी सावरकर तलावावर सराव असतो. गेल्या महिन्यात एका शिबिरात तिची चाचणी घेतली. कागदावर लिहून दिलंय : ‘वाय बॅलन्स उजवा ८९, डावा ९३, पुढच्या दिशेत फरक ५ सेंमी, हाय रिस्क.’ खाली ‘खांदे सैल, अस्थिर’ असा शेरा. तिला कुठेही दुखत नाही. वर्षभरात ती आठ सेंटीमीटर वाढली आहे. तिचे बाबा म्हणतात, पोहणं बंद करू या. मला काही सुचत नाही.
– एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, पोहणं बंद करू नका. बाबांना हे पत्र वाचायला द्या.

आधी तो ८९ काय आहे ते बघू. जमिनीवर इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात तीन पट्ट्या आखतात, एक सरळ पुढे आणि दोन मागे तिरक्या. मूल मधोमध एका पायावर उभं राहतं आणि दुसऱ्या पायाच्या बोटांनी पट्टीवर जमेल तितकं लांब टेकू पाहतं. त्या पायावर भार द्यायचा नाही, उभ्या पायाची टाच उचलायची नाही, आणि तोल न जाता परत जागेवर यायचं. तिन्ही दिशांची अंतरं मोजायची. उंच मुलाचा पाय लांब, त्यामुळे तो लांबवर पोचणारच. म्हणून ते अंतर पायाच्या लांबीशी ताडून बघतात. पायाची लांबी म्हणजे कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत.

समजा तुमच्या मुलीचा पाय ७८ सेंमी आहे. उजव्या पायावर उभी राहून ती पुढे ५१, मागे आतल्या बाजूला ७९ आणि मागे बाहेरच्या बाजूला ७८ पोचली. बेरीज २०८. तिला ७८ च्या तिपटीने, म्हणजे २३४ ने भागायचं आणि शंभरने गुणायचं : ८९ टक्के. डाव्यावर ५६, ८२ आणि ८० आले तर बेरीज २१८, म्हणजे ९३. कागदावरचा आकडा एवढाच आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखा तो शरीरात साठून राहिलेला नसतो. तिने त्या दिवशी, त्या फरशीवर, त्या मनःस्थितीत काय केलं तेवढंच तो सांगतो.

आता ‘हाय रिस्क’. हे शब्द कुठून आले, ते मला नेमकं माहीत आहे. २००६ साली अमेरिकेतल्या हायस्कूलमधल्या २३५ बास्केटबॉल खेळाडूंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढच्या दिशेत दोन पायांत ४ सेंमीपेक्षा जास्त फरक असलेल्यांना त्या हंगामात पायाची दुखापत होण्याची शक्यता अडीच पट दिसली, आणि ज्या मुलींचा एकूण आकडा ९४ टक्क्यांखाली होता त्यांना साडेसहा पट. अभ्यास चांगला होता. पण तो बास्केटबॉलचा होता, सतत उड्या मारून लाकडी कोर्टवर उतरणाऱ्यांचा. नंतरच्या अभ्यासांत हाच ४ आणि हाच ९४ प्रत्येक खेळात, प्रत्येक वयात लागू पडला असं नाही. तुमची मुलगी पाण्यात असते. तिथे घोटा मुरगळायला जमीनच नाही. बास्केटबॉलचं माप पोहणारीला लावणं म्हणजे आजोबांच्या चष्म्याने नातीला वाचायला लावण्यासारखं.

मग तो कागद टाकून द्यायचा का? नाही. उजव्या-डाव्यातला ५ सेंमीचा फरक मी नोंदवून ठेवला असता आणि तिला एक प्रश्न विचारला असता, जो त्या शिबिरात बहुधा विचारला गेला नाही : ‘उजवा घोटा कधी मुरगळला होता का गं?’ दहातल्या तीन-चार मुलांना तेव्हा कुठे आठवतं, हो, दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे. सूज उतरली, दुखणं गेलं, म्हणून सगळे विसरले. पण घोटा पुढे झुकायला अजून कुरकुरतोय. पुढच्या दिशेचं अंतर बरंचसं त्या झुकण्यावरच अवलंबून असतं. घरीच बघा : भिंतीसमोर उभं राहायचं, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, आणि अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते दोन्ही पायांचं मोजायचं. उजवीकडे दोन-तीन सेंमी कमी भरले, तर तुमचं उत्तर तिथेच आहे.

आठ सेंटीमीटर वाढली, हे तुम्ही पत्रात ओघात लिहिलंत. मला विचाराल तर सगळ्या पत्रात महत्त्वाचं तेच. मुली साधारण अकरा-बाराव्या वर्षाच्या सुमाराला सर्वांत झपाट्याने वाढतात, मुलगे तेरा-चौदाव्या. कुणी वर्षभर आधी, कुणी नंतर. आधी हातपाय लांबतात, धड मागून येतं, आणि स्नायूंचं बळ त्याच्याही मागून. मेंदूकडे असलेला शरीराचा नकाशा जुना आणि पाय नवे, अशी काही महिने स्थिती असते. याच काळात मुलं दाराच्या चौकटीला आपटतात, हातातून पेले सांडतात, आणि घरचे म्हणतात, ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ लक्ष ठिकाणावरच असतं. अशा महिन्यांत घेतलेल्या चाचणीवरून कुणाचंही भविष्य वर्तवू नये. दर महिन्याच्या एक तारखेला दाराच्या चौकटीवर पेन्सिलने तिची उंची मांडा. वाढीचा वेग ओसरला की पुन्हा चाचणी घ्या.

‘खांदे सैल, अस्थिर’ हा शेरा मात्र मला खटकला. सैल आणि अस्थिर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमरेचा सांधा उखळात मुसळ बसावं तसा खोल असतो. खांद्याचा म्हणजे बशीत ठेवलेला लाडू : गोळा मोठा, बशी उथळ, एका वेळी गोळ्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा बशीला लागलेला. तो जागेवर राहतो तो भोवतालच्या चार छोट्या स्नायूंमुळे, आणि बशी ज्या हाडाचा भाग आहे त्या खवाट्याला पाठीवर धरून ठेवणाऱ्या स्नायूंमुळे. काही मुलांचे सांधे जन्मतःच लवचीक असतात. पोहण्यात अशी मुलं खूप दिसतात, कारण लवचीक खांद्याला लांब हात मारता येतो. तो गुण आहे. अस्थिर म्हणजे लाडू बशीतून घसरतो आणि मुलाला ते जाणवतं : दुखतं, भीती वाटते, हात मध्येच ‘मेल्यासारखा’ होतो.

लवचीकपणा बघायला नऊ गुणांची एक साधी मोजणी आहे. करंगळी मागे काटकोनात जाते का, अंगठा मनगटाकडे दुमडून हाताला टेकतो का, कोपर उलट्या बाजूला वाकतो का, गुडघा तसाच मागे जातो का. डाव्या-उजव्याचे एकेक मिळून आठ गुण. गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकले तर नववा. मुलांमध्ये ६ किंवा जास्त गुण भरले तर सांधे लवचीक धरतात. मुलीचे तेवढे गुण आले आणि दुखत काहीच नसेल, तर कोचना एवढंच सांगा की तिचे खांदे ताणायचे व्यायाम जोडीदाराकडून ओढून-दाबून करून घेऊ नका. तिला ताणाची गरज नाही, धरून ठेवणाऱ्या बळाची आहे.

आणि हिशेब एकदा करून बघा. ती दिवसाला तीन किलोमीटर पोहत असेल आणि पन्नास मीटरला चाळीस हात मारत असेल, तर २४०० हात होतात, एकेका खांद्याचे १२००. म्हणून प्रश्न असा विचारत जा : सराव संपल्यावर खांदा भरून येतो, की आतून चमक मारते? भरून येणं रात्रीच्या झोपेने जातं. चमक दुसऱ्या दिवशी पहिल्या शंभर मीटरला परत आली तर दाखवायला आणा.

प्रश्न : मी सिन्नरजवळच्या एका शाळेत पीटीचा शिक्षक आहे. खो-खो, कबड्डी, थ्रोबॉल असे मिळून चाळीस खेळाडू आहेत. साहित्य म्हणाल तर खडू, मोजपट्टी आणि माझं घड्याळ. तोल आणि खांद्याची ताकद यांची चाचणी मला घेता येईल का? कशी घ्यावी?
– एक क्रीडाशिक्षक, सिन्नर

उत्तर : सर, घेता येईल. तुमच्याकडचं साहित्य पुरेसं आहे. वेळ तेवढा पुरणार नाही.

वाय चाचणी नीट घ्यायची तर प्रत्येक पायाला प्रत्येक दिशेत चार ते सहा वेळा सराव द्यावा लागतो, मग तीन खरे प्रयत्न. एका मुलाला दहा मिनिटं गेली तर चाळीस जणांना चारशे, म्हणजे जवळजवळ पावणेसात तास. तुमचा तास पस्तीस मिनिटांचा. सराव गाळून चाचणी घेण्याचा मोह होईल. तो मला झाला होता, त्याची गोष्ट सांगते.

नवीन होते तेव्हाची. डिसेंबर महिना, निफाडकडची थंडी, सकाळी सव्वासहा. मैदानाला चार फेऱ्या मारून आलेली मुलं मी रांगेत उभी केली. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या चपला, कुणी अनवाणी. सराव न देता एकेक प्रयत्न घेतला, पायाची लांबी मोजली नाही, सेंटीमीटर तसेच्या तसे यादीत लिहिले आणि यादी शाळेला देऊन टाकली. सर्वांत खाली नाव आलं ते एका बुटक्या, चपळ मुलाचं. त्याला संघातून काढलं. महिनाभराने त्याची आई दवाखान्यात आली आणि म्हणाली, ‘मॅडम, तुमच्या कागदामुळे तो जेवत नाही.’ मी त्याला परत मोजलं, बूट काढून, सराव देऊन, पायाच्या लांबीशी ताडून. संघातल्या निम्म्या मुलांपेक्षा तो वर होता. हंगाम तोवर संपला होता.

तेव्हापासून मी काही गोष्टी सोडत नाही. पायात काहीही नको. फरशी तीच, वेळ तीच, फेऱ्यांच्या आधी. अंग थोडं गरम केलेलं. आणि यादी शाळेला देताना मुलांची नावं आकड्यांच्या क्रमाने लावायची नाहीत. हजेरीच्या क्रमाने लावायची.

तुमच्यासाठी मी अशी वाट सुचवेन. पहिल्या तासाला सगळ्यांना एका पायावर उभं करा, हात कमरेवर, डोळे उघडे, तीस सेकंद. मग डोळे मिटून. हात कमरेवरून सुटला, पाय टेकला किंवा उभा पाय सरकला की वेळ थांबली. आठ-आठच्या रांगा केल्या आणि जोडीदाराने जोडीदाराची वेळ मोजली की तासाभरात सगळे होतात. दुसऱ्या तासाला लंगडी. आपल्या लंगडीला कुणी चाचणी म्हणत नाही, पण मला ती फार आवडते. खडूने दहा मीटरची सरळ रेघ ओढा, रेघेवरून जायला सांगा आणि शेवटी जागच्या जागी थांबून तीन आकडे मोजायला लावा. धावणं सगळ्यांना जमतं, थांबणं जमत नाही. थांबताना गुडघा आत पडतो का, कंबर एका बाजूला लचकते का, हे शेजारी बसून बघा. खो-खोचा खेळाडू पाटीवरून वळताना जे करणार आहे ते इथे आधीच दिसतं. या दोन्हींत जे सात-आठ जण वेगळे दिसतील, फक्त त्यांचीच वाय चाचणी सावकाश घ्या. मागच्या दोन पट्ट्या एकमेकींशी काटकोन करतात आणि पुढच्या पट्टीशी प्रत्येकी १३५ अंशांचा; शाळेचा मोठा कोनमापक चालेल.

खांद्याकडे वळू. इथे आपल्याकडे जोर आहेत, दुसरं साहित्य नको. मुलाला जोराच्या स्थितीत, कोपर सरळ ठेवून, तीस सेकंद थांबवा आणि तुम्ही मागे उभे राहून पाठ बघा. खवाटे पाठीला चिकटून आहेत, की पंखांसारखे बाहेर आलेत? एकच बाहेर आलाय का? कितव्या सेकंदाला? मग उभं करून दोन्ही हातांत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली द्या, हात पुढून आणि मग बाजूने पाच-पाच वेळा सावकाश वर-खाली करायला सांगा. वर नेताना बहुतेक सगळे छान दिसतात. खाली आणताना बघा. खवाटा झटका देऊन उसळतो तो तिथे. मुलांना शर्ट काढायला सांगता येतं. मुलींना बिनबाह्यांचा, मागे खोल गळ्याचा टी-शर्ट, शिक्षिका हजर, आणि घरून आधी चिठ्ठी. यात कसूर नको.

मोजायचीच हौस असेल तर एक चाचणी आहे. जमिनीवर ३६ इंचांच्या अंतरावर दोन चिकटपट्ट्या लावायच्या, दोन्ही पट्ट्यांवर हात टेकून जोराच्या स्थितीत यायचं, आणि पंधरा सेकंदांत एक हात उचलून दुसऱ्या हाताला, मग दुसरा पहिल्याला, असं जितक्या वेळा होईल तितक्या वेळा टेकवायचं. तीन प्रयत्न, मध्ये पंचेचाळीस सेकंद विश्रांती, सरासरी काढायची. मोठ्या पुरुष खेळाडूंमध्ये एकवीसच्या आसपास होतात. पण ३६ इंच म्हणजे ९१ सेंमी. सातवीतलं मूल १४० सेंमी उंच असेल तर त्याच्यासाठी ते हात फाकवून पालथं पडणंच झालं. ही चाचणी कॉलेजच्या वयाच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. मी पट्ट्यांमधलं अंतर मुलाच्या उंचीच्या निम्मं घेते, १४० चं ७०. असं केलं की पुस्तकातल्या एकविसाशी तुलना करायची सोय उरत नाही. त्याची जूनमधली संख्या ऑगस्टमधल्या त्याच्याच संख्येशी ताडायची. अंतरही वहीत लिहा, नाहीतर ऑगस्टपर्यंत तुम्ही विसराल आणि मूल वाढलेलं असेल.

आणि आकड्यापेक्षा मोडतंय कुठे ते लिहा. ‘अठरा’ एवढंच लिहिलेल्या ओळीने मला काही कळत नाही. ‘अठरा, दहाव्यानंतर कंबर खाली, उजवा खवाटा बाहेर’ असं असेल तर मूल न बघताही मी त्याला चार व्यायाम सांगू शकते. काय सांगेन? जोराच्या स्थितीत कोपर न वाकवता फक्त पाठ वर ढकलणं, भिंतीशी उभं राहून हात वर सरकवणं, पालथं झोपून अंगठे वर ठेवून हात ‘वाय’च्या आकारात उचलणं, आणि रबरी पट्टा दाराला बांधून, कोपर बगलेशी ठेवून हात बाहेर फिरवणं. आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटं.

एका गोष्टीत थांबायचं. अकरा ते सोळा या वयातल्या थ्रोबॉल, भालाफेक किंवा गोलंदाजी करणाऱ्या मुलाने ‘फेकताना दंडाच्या वरच्या भागात दुखतं’ असं म्हटलं, तर त्याची चाचणी घेऊच नका. त्या वयात दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते, आणि वारंवार फेकण्याने ती दुखावते. तिचं निदान डॉक्टर एक्स-रेवरून करतात. उपाय कंटाळवाणा आहे : बहुतेक वेळा तीन महिन्यांच्या आसपास फेकणं बंद. बाम, शेक, घट्ट पट्टा यांनी दुखणं झाकायचं नाही.

प्रश्न : मॅडम, मी सोळा वर्षांचा आहे, फास्ट बॉलर. तीन आठवड्यांपूर्वी डाइव्ह मारताना उजवा खांदा निखळला. मित्राने ओढून बसवला. आता दुखत नाही. काल ती हात टेकवायची टेस्ट दिली, बावीस आले, सगळ्यांत जास्त. रविवारी मॅच आहे. खेळू ना?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : नाही रे बाळा, रविवारी नाही.

बावीस आले याचा अर्थ हात जमिनीवर टेकलेला असताना तुझा खांदा भार पेलतो. चेंडू टाकताना हात डोक्यावर, बाजूला आणि मागे फिरलेला असतो, टेकायला जमीन नसते. लाडू बशीतून पुढे घसरतो तो बरोबर त्याच स्थितीत. तुझ्या चाचणीने तुझ्या खेळाचा प्रश्न विचारलाच नाही.

या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा, आईला किंवा बाबांना बरोबर घेऊन. एक्स-रे काढतील. बशीची कड फाटली आहे का ते बघायला कदाचित एमआरआयही सांगतील. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, शर्टाची बाही जिथे लागते तिथे, बोट फिरवून बघ. बधिर वाटत असेल तर ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांग, कारण खांदा निखळताना तिथली नस ताणली जाऊ शकते. विशीच्या आत पहिल्यांदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचं प्रमाण फार मोठं आहे, धडकाधडकीच्या खेळांत तर निम्म्याहून अधिक. आणि त्या मित्राला सांग, त्याचा हेतू चांगला होता, पण हाड मोडलेलं असताना ओढलं असतं तर काय झालं असतं. पुढच्या वेळी कुणाचाही खांदा निखळला तर हात आहे त्या स्थितीत झोळीत बांधायचा आणि दवाखाना गाठायचा. हाडवैद्याकडेही नाही.

प्रश्न : मुलासाठी ऑनलाइन बाराशे रुपयांचा गोल लाकडी बॅलन्स बोर्ड मागवला आहे. रोज किती वेळ उभं करावं?
– एक पालक, नाशिक रोड

उत्तर : मुलाचा घोटा पूर्वी मुरगळला असेल तर पैसे वाया गेले नाहीत, अशा व्यायामाने घोटा पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण कमी होतं. रोज पाच ते दहा मिनिटं, अनवाणी, भिंतीपासून हातभर अंतरावर. घोटा ठणठणीत असेल तर बोर्डावर उभं राहायची सवय मुख्यतः बोर्डावरच कामाला येते. त्याला एका पायावर उभं राहून दात घासायला लावा, आणि बोर्ड शेजारच्या मुरगळलेल्या मुलाला द्या.

प्रश्न : मी पंचवटीत राहतो, वय चौऱ्याहत्तर. तरुणपणी मल्लखांब केला. आम्हाला कुणी पट्ट्या लावून मोजलं नाही; खांबावर चढलात की तोल येत होता, नाही आला की खाली. या चाचण्यांचं खूळ कशासाठी? दुसरं, नात दहा वर्षांची आहे, दोरीचा मल्लखांब करते. हात वर नेताना तिच्या खांद्यातून ‘कट्’ असा आवाज येतो. सूनबाई घाबरली आहे.
– एक आजोबा, पंचवटी

उत्तर : आजोबा, नमस्कार. तुमच्या पहिल्या प्रश्नाशी मी अर्धी सहमत आहे.

मल्लखांब हीच खांद्याची आणि तोलाची चाचणी आहे, आणि आपल्या जिल्ह्याला तर त्याचा मान आहे. पेशवाईतले मल्लविद्येचे गुरू बाळंभटदादा देवधर यांना मल्लखांबाची विद्या सप्तशृंगगडावर, हनुमंताच्या कृपेने मिळाली, ही आख्यायिका तुम्ही माझ्याहून चांगली सांगाल. एरंडेल लावलेल्या गुळगुळीत लाकडाला अंगाचा भार हातांनी आणि मांड्यांनी धरायचा, उलटं व्हायचं, एका हातावर थांबायचं. खवाटा पाठीशी धरून ठेवण्याचा याहून चोख व्यायाम मला ठाऊक नाही. माझ्याकडे येणाऱ्या मल्लखांबाच्या मुलांना जोराच्या स्थितीत उभं केलं की पाठ अशी सपाट दिसते की तिच्यावरून हात फिरवावासा वाटतो.

उरलेली अर्धी असहमती ही, की ‘नाही आला की खाली’ यातले खाली गेलेले कुठे गेले? तुमच्या बरोबरीने खांब सुरू केलेल्यांतले किती जण खांद्याच्या दुखण्याने दुसऱ्या वर्षी आलेच नाहीत, हे कुणी लिहून ठेवलं नाही. तुम्ही टिकलात, म्हणून पत्र तुम्ही लिहिलंत. ज्यांचा खांदा गेला ते लिहीत नाहीत. माझी पट्टी त्यांच्यासाठी आहे, खाली पडायच्या आधी चार महिने.

आता नात. दुखत नसेल, सूज नसेल, हात अडकत नसेल आणि तिला भीती वाटत नसेल, तर नुसत्या ‘कट्’ आवाजाला घाबरू नका. स्नायूची दोरी हाडाच्या उंचवट्यावरून सरकली किंवा खवाटा बरगड्यांवरून फिरला की असा आवाज येतो. सूनबाईंना सांगा, तिच्या पाठीमागे उभं राहून खवाट्यावर तळहात ठेवा आणि तिला हात वर-खाली न्यायला लावा. आवाज तळहाताखाली जाणवला तर तो खवाट्याचा आहे. मग वर सरांना सांगितलेला जोराच्या स्थितीतला पाठ वर ढकलण्याचा व्यायाम तिला द्या, दहा-दहाचे दोन फेरे. आवाज खांद्याच्या पुढच्या बाजूने येत असेल आणि हात वर-मागे नेताना ती चेहरा वाकडा करत असेल, तर दोरी थांबवून मला दाखवा.

दाखवायला येताना तिला बिनबाह्यांचा फ्रॉक घाला. आवाज कोणत्या वारी, दोरीवर किती वेळ काढल्यानंतर आला, हे तुम्हीच एका वहीत लिहून आणा. दहा वर्षांच्या मुली या प्रश्नाला ‘नेहमीच येतो’ म्हणतात. आणि सकाळी या. संध्याकाळी माझ्याकडे क्रिकेटची मुलं असतात, तिला खुर्चीसुद्धा मिळायची नाही.